गोव्याच्या पुढे, राणेंच्या गावात

गोव्याला जाणं ही आता 'ट्रिप' राहिलेली नाही. ऑफिसातला कुणीही उठतो, गुरुवारी रात्रीची स्लीपर पकडतो आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत लॉगिन करतो. बागा-कलंगुट करून कंटाळलेले पाळोळ्यापर्यंत जातात आणि आपण काहीतरी वेगळं केल्याचा आनंद मानतात. पण पाळोळ्याच्या पुढे, पोळेचा चेकनाका ओलांडून पलीकडे उतरणारी मंडळी किती? माझ्या ओळखीत तरी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि पलीकडे काय आहे? कारवार.

गेल्या डिसेंबरात मी गेले ते मडगावहून कदंबच्या बसने. अंतर सत्तरएक किलोमीटर. करमल घाटातली झाडी, काणकोणचा छोटासा बाजार, मग पोळे, माजाळी. दुकानांवरच्या पाट्या देवनागरी-रोमनमधून कन्नडमध्ये कधी बदलल्या हे कळायच्या आत डाव्या-उजव्या हाताला पाणी दिसायला लागतं. ही काळी नदी. काळी म्हणजे रंगाने नव्हे, नावाने. टेकडीवर सोंद्याच्या राजाने बांधलेला सदाशिवगड, खाली नदी समुद्रात शिरते ती रुंद जागा आणि मधून जाणारा पूल. बसमधले सगळे इथे खिडकीकडे वळतात. सवयीचे प्रवासीसुद्धा.

या पुलाची एक गोष्ट आहे. इथे दोन पूल होते, शेजारी शेजारी. चाळीसेक वर्षांचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोसळला. त्या वेळी पुलावर असलेला एक ट्रक नदीत गेला, ड्रायव्हर वाचला. माझ्या शेजारी बसलेल्या काकू सांगत होत्या, ''त्या दिवशी कळलं बघ, रस्ता नसला की माणूस कसा अडकतो ते. माझी लेक पलीकडे दिलीय.'' काकू मराठीत बोलत होत्या, मधूनच कोकणीत शिरत होत्या, आणि कंडक्टरशी कन्नडमध्ये भांडत होत्या. कारवार हे असं आहे. सीमावादात महाराष्ट्राने मागितलेलं, कर्नाटकात राहिलेलं, गोव्याला चिकटलेलं. इथल्या माणसाला 'तुमची भाषा कोणती?' असं विचारू नका. 'कुणाशी बोलताना?' असा उलट प्रश्न येतो.

मला एडिटरने पाठवलं होतं ते बीचवर लिहायला. 'शांत बीच, स्वस्त मासे, गोव्यासारखं पण गोवा नाही', असं काहीतरी. ते सगळं आहेच, येईन त्यावर. पण कारवारच्या बीचवर उतरलं की समुद्राआधी दुसरंच काहीतरी नजरेत भरतं. वाळूच्या काठाला, हायवेला लागून, चक्क एक युद्धनौका उभी आहे. पाण्यात नाही, जमिनीवर.

ही आयएनएस चपळ. नौदलाची क्षेपणास्त्र बोट. २००५ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी इथे संग्रहालय म्हणून उभी राहिली. आत शिरताना डोकं सांभाळा, दारं बुटक्यांसाठी केल्यासारखी आहेत. आता जवळच नौदलाचं एक निवृत्त टुपोलेव्ह विमानही आलंय, त्यामुळे पोरांची चंगळ असते. शाळेच्या सहली रांगेने आत जातात, रांगेने बाहेर येतात, बाहेर कुल्फी खातात. आणि या सगळ्या गर्दीत एक पुतळा आहे. त्याच्याजवळ मी अर्धा तास बसले, तेवढ्या वेळात सेल्फी घेणारे बरेच आले. पाटी वाचणारे दोन.

पाटीवर नाव : राम राघोबा राणे. परमवीर चक्र.

आता खरं सांगा, हे नाव तुम्ही ऐकलंय? पुण्या-मुंबईच्या माझ्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर मी हाच प्रश्न टाकला. उत्तरं आली ती 'बत्रा', 'अब्दुल हमीद', 'अरुण खेत्रपाल' अशी. म्हणजे ज्यांच्यावर सिनेमा किंवा सीरियल आली ते. राणे कुणालाच आठवले नाहीत. गंमत म्हणजे त्या ग्रुपमधले निम्मे लोक रोज खडकीवरून ऑफिसला जातात, आणि राणे सैनिक झाले ते त्याच खडकीत. बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, म्हणजे आपण ज्याला 'बीईजी' म्हणतो तिथे, जिच्या कम्पाउंडच्या भिंतीला लागून आपण ट्रॅफिकला शिव्या देत उभे असतो.

राणेंचा जन्म २६ जून १९१८ चा. गाव चेंडिया, कारवारहून दक्षिणेला थोडंसंच पुढे. वडील पोलिसात होते, त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाची शाळा बदलत गेली. १९४० मध्ये, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. सॅपर म्हणजे लष्करातला इंजिनिअर. सिनेमातला सैनिक बंदूक घेऊन पुढे धावतो ना, त्याच्याही पुढे हा असतो. सुरुंग काढायचे, पूल बांधायचे, रस्ता करायचा, माघार घ्यायची असेल तर तोच पूल उडवायचा. ट्रेनिंगमध्ये उत्तम रिक्रूट म्हणून त्यांना कमांडंटची छडी मिळाली होती. मग ब्रह्मदेशची आघाडी. १५ डिसेंबर १९४७ ला ते ऑफिसर झाले, सेकंड लेफ्टनंट. त्यानंतर चार महिनेसुद्धा गेले नव्हते तेव्हा ती गोष्ट घडली.

ती समजायला कारवारहून उठून थेट राजौरीला जावं लागतं. जम्मूहून पूंछकडे जाणाऱ्या रस्त्यावर आधी नौशेरा लागतं, मग चिंगस, मग राजौरी. हा भाग काश्मीरच्या पोस्टकार्डमधला नाही. ट्यूलिप नाहीत, शिकारे नाहीत. डोंगर, चीडची झाडं, खाली तवीचं पात्र. मुघल बादशहा याच वाटेने काश्मीरला जायचे. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना जहांगीर वाटेत वारला तेव्हा त्याची आतडी चिंगसच्या सराईत पुरली आणि बाकी देह पुढे लाहोरला नेला, अशी कथा आहे. 'चिंगस' हे नाव फारसीतल्या आतड्यावरूनच पडलं म्हणतात. टूर ऑपरेटरला सांगा हे, तो तुम्हाला गुलमर्गचं पॅकेज देईल.

१९४७ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या दिवसांत, राजौरी हल्लेखोरांच्या ताब्यात गेली. गावात आणि आसऱ्याला आलेल्यांत मिळून हजारो माणसं मारली गेली. डिसेंबरात जवळचं झांगर पडलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये नौशेरावर मोठा हल्ला आला, तो ब्रिगेडिअर उस्मान यांच्या तुकड्यांनी परतवला. मार्चमध्ये झांगर परत घेतलं. राहिली राजौरी. तिथले जे लोक वाचले होते ते डोंगरात, रानात लपलेले किंवा शत्रूच्या कैदेत. म्हणजे लवकर पोहोचणं हा नकाशावरचा प्रश्न नव्हता. प्रत्येक उशिराच्या दिवसाला तिथे माणसं मरणार होती.

रणगाडे होते, पायदळ होतं, पण रस्ता नव्हता. म्हणजे होता, पण हल्लेखोरांनी जागोजागी झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, सुरुंग पेरलेले. ते मोकळं करायचं काम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीकडे आलं. तुकडीचे प्रमुख राणे. वय वर्षं एकोणतीस.

अकरा ते दहा, सहा ते सव्वासहा

परमवीर चक्राचं मानपत्र वाचायला मिळालं तर जरूर वाचा. मी ते फोनवर उघडून पुतळ्याजवळच वाचलं. मला वाटलं होतं भारी भारी विशेषणं असतील. आहेतही. पण खरं सांगायचं तर ते एखाद्या टाइमशीटसारखं आहे. किती वाजता काम सुरू झालं, किती वाजता थांबलं, कशामुळे थांबलं. आणि म्हणूनच ते वाचताना अंगावर येतं.

८ एप्रिल, सकाळचे ११. जागा नौशेरा-राजौरी रस्त्यावर मैल २६, नदपूरजवळ. राणे आणि त्यांची माणसं रणगाड्यांपाशी थांबलीयत, पुढचे सुरुंग काढायला निघायचंय. तेवढ्यात उखळी तोफांचा मारा सुरू होतो. सुरुंग काढणाऱ्यांपैकी दोघं जागच्या जागी ठार. पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः.

काम सुरूसुद्धा झालेलं नाही हे लक्षात घ्या.

राणेंनी उरलेल्यांना पुन्हा गोळा केलं, कामं नव्याने वाटली आणि सुरुवात केली. दिवसभर मशिनगन आणि तोफांच्या माऱ्यात ते रणगाड्यांबरोबर राहिले. दुपारी साडेचारला बरवाली रिज ताब्यात आली. आजूबाजूला शत्रू अजून होता, तरी हे आपली माणसं घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला लागले. रात्री दहापर्यंत, शत्रूला सरळ दिसत असताना.

९ एप्रिल, सकाळी ६ ला पुन्हा हजर. दुपारी ३ ला वळणरस्ता तयार. रणगाडे निघाले तेव्हा राणे सगळ्यात पुढच्या गाडीत. अर्धा मैल गेले नाहीत तोच चीडची झाडं आडवी. उतरले, सुरुंगाने उडवली, पुढे. आणखी तीनशे यार्डांवर तेच. पाच वाजत आलेले, रस्ता डोंगराला वेटोळे घालत चाललेला, आणि पुढे उडवून दिलेली मोरी. काम सुरू करायच्या आत मशिनगन सुरू. तरी बाजूने वाट काढली. सव्वासहाला, उजेड जाता जाता, पाच मोठी झाडं एकमेकांवर पाडलेली, भोवती सुरुंग, वरून मशिनगनचा नेम. राणे सुरुंग काढायला बसले होते, पण ताफ्याच्या कमांडरने हवाला बघून मुक्काम ठोकला.

१० तारखेला पहाटे पावणेपाच. तोच अडथळा. साडेसहाला मोकळा. पुढचे हजार यार्ड नुसते अडथळेच अडथळे. साडेदहापर्यंत तेही. मग रणगाडे रस्ता सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. राणे मात्र मागेच. कारण रणगाडे पुढे गेले तरी त्यांच्यामागून अन्न, औषधं, दारूगोळा घेऊन येणाऱ्या गाड्यांना रस्ताच लागणार होता. खाणं नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत काम. ११ तारखेला पुन्हा सकाळी ६. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. आणि तरी रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता साफ करत राहिले.

मी बेरीज केली. चार दिवसांत पंचावन्न तासांच्या आसपास. जखमी अवस्थेत, वरून गोळ्या.

१२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत शिरलं.

आता दोन गोष्टी माझ्या मनात राहून गेल्या. पहिली ही की या सगळ्या मानपत्रात राणेंनी कुणालाही मारल्याचा उल्लेख नाही. एकही नाही. आपल्याकडे शौर्य म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? किती मारले याचा आकडा. सिनेमात तर तो बॅकग्राउंड म्युझिकसकट येतो. इथे देशातला युद्धातला सगळ्यात मोठा सन्मान एका माणसाला मिळाला, तो झाडं बाजूला केल्याबद्दल, मोऱ्या बुजवल्याबद्दल, इतरांना पुढे जाता यावं म्हणून. कंपन्या आपल्याला लीडरशिप शिकवायला लोणावळ्याला नेतात आणि दोरीला लटकवतात. टीममधली दोन माणसं डोळ्यांदेखत गेल्यावर उरलेल्यांना पुन्हा त्याच कामावर उभं कसं करायचं, हे कुठल्या स्लाइडवर असतं?

दुसरी गोष्ट त्या दोघांची. काम सुरू व्हायच्या आधीच गेलेल्या. मानपत्रात ते 'दोन जण' एवढेच आहेत. मानपत्र एकाचं असतं, त्याला इलाज नाही, पण पुतळ्याजवळ बसून तो आकडा वाचताना मला अडखळायला झालं.

राणेंबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली जाते. पुढच्या रणगाड्याखालून सरपटत, दोन दोर हातात धरून ते ड्रायव्हरला इशारे देत होते. हा ओढला की डावीकडे, तो ओढला की उजवीकडे. असा त्यांनी सुरुंगांमधून रणगाडा काढला. इंटरनेटवर राणेंवरच्या लेखात ही हमखास असते. मानपत्रात मात्र ती नाही. खरी असेलही, सॅपर लोकांना असलं काही सुचू शकतं. पण मला विचाराल तर तिची गरजही नाही. पहाटे पावणेपाचला उठून काल अर्धवट राहिलेल्या त्याच पाच झाडांपाशी जाणं, हे मला दोरांपेक्षा अवघड वाटतं. आदल्या दिवशी माणसाला अंदाज नसतो. दुसऱ्या दिवशी पूर्ण असतो.

पदकामागची बाई

परमवीर चक्र सुरू झालं २६ जानेवारी १९५० ला, पण लागू झालं मागच्या तारखेपासून, १५ ऑगस्ट १९४७ पासून. १९४७-४८ च्या त्या युद्धासाठी ते पाच जणांना मिळालं. त्यातले तीन हयात नव्हते. ते घ्यायला जिवंत होते ते दोघंच, लान्सनाईक करम सिंग आणि राणे. आजवर एकूण एकवीस जणांना हा सन्मान मिळालाय, म्हणजे वर्षाला एकसुद्धा नाही.

आणि या पदकाचं डिझाइन कुणी केलं ठाऊक आहे? सावित्रीबाई खानोलकर. नाव ऐकून दादर-गिरगावातल्या आजीबाई वाटतील. पण त्या जन्मल्या स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला, १९१३ मध्ये, आणि नाव होतं ईव्ह. सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेणाऱ्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणाच्या प्रेमात पडल्या, १९३२ मध्ये इथे येऊन लग्न केलं आणि मग अशा काही इथल्या झाल्या की संस्कृत, पुराणं, वेद सगळं वाचून काढलं. स्वतंत्र भारताला नवी पदकं हवी होती, ते काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होतं. त्यांनी या बाईंना गाठलं. बाईंनी ब्राँझच्या तबकडीवर मधे राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं काढली. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली आणि त्यांचं वज्र झालं, ही आपल्या आजीने सांगितलेली गोष्ट. एका स्विस मुलीने ती पदकावर आणली. योगायोग पुढे आहे. पहिलं परमवीर चक्र ज्यांना मरणोत्तर मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा या सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. ही गोष्ट कुणी सिनेमात घातली तर आपण म्हणू, जरा जास्तच झालं.

दुसऱ्या दिवशी मी चेंडियाला निघाले. लॉजवाल्या मामांनी ओळखीचा रिक्षावाला दिला. ''राणेंचं गाव बघायला? तिथे बघायला काय आहे मॅडम?'' हा त्याचा पहिला प्रश्न. मग स्वतःच म्हणाला, ''चला, रस्ता तरी बघाल.''

रस्ता खरंच बघण्यासारखा आहे. हायवे डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जातो. बिणग्याला डोंगरातून बोगदे काढलेत. बाहेर पडलं की उजव्या हाताला समुद्र असायला हवा. असतोच, पण आधी कम्पाउंडची भिंत लागते. आणि ती संपत नाही. हे नौदलाचं आयएनएस कदंब, 'प्रोजेक्ट सीबर्ड'. १९८६ मध्ये पायाभरणी झाली, २००५ मध्ये तळ कार्यान्वित झाला. फोटो काढायला बंदी आहे, पाट्या जागोजागी आहेत, त्यामुळे फोन खिशातच ठेवा. या तळासाठी इथल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांची जमीन गेली, हजारो कुटुंबं उठली, आणि नुकसानभरपाईचे दावे पुढे वर्षानुवर्षं कोर्टात चालले.

''आमचं घर अरग्याला होतं,'' रिक्षावाला सांगत होता. ''माझ्या आजोबांची होडी त्या भिंतीच्या आत असायची. म्हणजे तेव्हा भिंत नव्हती.'' मग जरा वेळाने, ''माझा भाचा नेव्हीतच आहे. आत नोकरीला. पास दाखवून जातो आमच्या जुन्या वाडीत.'' हे तो हसत म्हणाला. त्यात राग किती आणि अभिमान किती हे मला वेगळं करता आलं नाही. त्यालाही कुणी करायला सांगितलं तर जमेल असं वाटत नाही.

चेंडिया कोकणातल्या कुठल्याही गावासारखं आहे. माड, कौलं, अंगणात वाळत घातलेली सुपारी, मागे डोंगर. राणेंचं नाव काढलं की लोक लगेच ओळखतात, पण गप्पा पटकन इकडच्या तिकडच्या होतात. दुकानासमोर बसलेल्या एका आजोबांनी मला आधी खालीपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, ''खंयचे तुमी?'' पुण्याची म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. ''तो पण पुण्यालाच गेला शेवटी.''

बरोबर होतं त्यांचं. राणे मेजर झाले, निवृत्त झाले आणि पुण्यात राहिले. ११ जुलै १९९४ ला पुण्यातच कमांड हॉस्पिटलमध्ये त्यांचं निधन झालं. कारवारला त्यांचा पुतळा उभा राहिला तो २००६ मध्ये. त्यांच्या नावाचं एक तेलवाहू जहाजही होतं, शिपिंग कॉर्पोरेशनचं, १९८४ पासून पंचवीसेक वर्षं समुद्रावर फिरलं. २०२३ मध्ये अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यातलं एक 'राणे द्वीप'. जहाज झालं, बेट झालं. एखादा चांगला रस्ताही त्यांच्या नावाने असायला हरकत नाही, असं मी रिक्षावाल्याला म्हटलं. तो म्हणाला, ''नको मॅडम, मग खड्डे पडल्यावर त्यांच्या नावाने शिव्या पडतील.''

परत येताना पोटात कावळे ओरडत होते. आता माशांबद्दल. कारवारी जेवणात नारळ गोव्याइतकाच, पण तिखट जरा हात राखून. बाजाराजवळच्या कुठल्याही गर्दीच्या खानावळीत शिरा. उकडा भात, बांगड्याचं हुमण, तिसऱ्यांचं सुकं, रव्यात घोळून तव्यावर कुरकुरीत केलेली इसवण, म्हणजे आपली सुरमई, आणि वाटीभर सोलकढी. एसी हॉटेलात जाऊ नका, तिथे तुम्हाला पनीर देतील. सकाळी लवकर उठवत असेल तर बंदरावर मासळीचा लिलाव बघा. भाव कळत नाही, पण भांडणं कळतात.

बीचचं नाव रवींद्रनाथ टागोर बीच. टागोर इथे आले होते ते थोरल्या भावाकडे, सत्येंद्रनाथांकडे. ते कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. तेव्हा रवींद्रनाथ विशीत होते, आणि 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी इथेच लिहिलं. म्हणजे विशीत कारवारला येऊन काहीतरी भलं करण्याची परंपरा जुनी आहे. संध्याकाळी बीचवर भेळ मिळते, घोडे नाहीत, डीजे नाही. समोर बेटं, उजवीकडे काळीचं मुख. गोव्याच्या मानाने गर्दी नाहीच, शनिवारी-रविवारी तेवढी हुबळीकडून येते.

मुंबईहून मत्स्यगंधा एक्स्प्रेस थेट कारवारला सोडते. स्टेशन गावापासून बाहेर, शिरवाडला आहे, रिक्षाचं आधी ठरवून घ्या. गोव्यात असाल तर मडगावहून बस सोपी. दोन दिवस पुरतात. एक दिवस समुद्र, सदाशिवगड आणि देवबाग, दुसऱ्या दिवशी चपळ आणि चेंडिया. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, मार्च-एप्रिलमध्ये घामाने जीव जातो, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

चपळमध्ये जाल तेव्हा आधी पुतळ्याशी थांबा. बोटीतून बाहेर आल्यावर सगळ्यांना कुल्फीच आठवते. मी पाटी वाचत होते तेव्हा शाळेच्या रांगेतून मागे राहिलेली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. तिने पाटी पूर्ण वाचली, बोट फिरवत. मग विचारलं, ''यांनी काय केलं?'' मी म्हटलं, रस्ता मोकळा केला. तिने क्षणभर विचार केला आणि विचारलं, ''कुणासाठी?'' मी तिला राजौरी सांगायला लागले, तेवढ्यात बाईंनी शिट्टी वाजवली आणि ती पळाली.